हिराआत्याचा डोळा

हिराआत्याला कुणी "कशी आहेस गं?" असं विचारलं, की उत्तर द्यायच्या आधी ती त्या माणसाच्या हाताकडे बघायची. हातात पिशवी आहे, कागद आहे, की हात उगाचच पाठीमागे लपवलाय? मग म्हणायची, "कनाला?" आमच्या आगरी बोलीत कनाला म्हणजे कशाला, जसं मना म्हणजे मला. तब्येत विचारणाऱ्यालाच ती उलट विचारायची, कशाला विचारतोस. माणूस गडबडून जायचा. तो गडबडला की आत्याची खात्री पटायची, याच्या पोटात काहीतरी आहे.

आता आत्या नाही. पण माझ्याशी कुणी जरा जास्तच गोड बोललं, की माझ्या तोंडावर तोच शब्द येतो. नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. तिथे दिवसभर गोड बोलून नंबर पुढे ढकलून घेणारी माणसं येतात आणि मी मनातल्या मनात कनाला, कनाला करत असते. ही खोड मला आत्याची लागली. मला तिचा काडीचाही पश्चात्ताप नाही.

आमचं गाव कोपरच्या खाडीकडच्या अंगाला. गाव म्हणायचं आता नावाला. शेतं गेली, मिठागरं गेली, चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले. तरी मधल्या गावठाणात अजून एका आळीत शिंकलं की दुसऱ्या आळीत कळतं. आत्या काही माझ्या सख्ख्या नात्यातली नव्हे. तिच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एक, म्हणून आत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, उमेदीची सगळी वर्षं मिठागरावर उन्हात गेली. तिथल्या मुकादमानं फसवलं म्हणून ती अशी संशयी झाली, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. माझी आई सांगायची, लग्नात अंतरपाट धरलेला असताना हिरा कडेनं डोकावून बघत होती, पलीकडे दाखवलेलाच नवरा उभा आहे ना म्हणून.

दारावर मासे घेऊन सखू कोळीण यायची. आत्या माशाचे कल्ले उघडून बघायची आणि मग सखूच्या तोंडाकडे टक लावून बसायची. एकदा सखू वैतागली. म्हणाली, आत्या, मासा बघ की, माझं तोंड काय बघतेस?

आत्या शांतपणे म्हणाली, "मासा मेलाय. तो कनाला खोटा बोलंल?"

सखूला हसावं की रागवावं कळेना. पण त्या दिवसापासून ती आत्याच्या दारात शिळं काही आणायची नाही, हे मी स्वतः बघितलंय.

एकदा आत्याची दाढ ठणकायला लागली म्हणून तिला मी आमच्या दवाखान्यात घेऊन गेलेले. रिक्षात बसल्यापासून हा रस्ता नेहमीचाच आहे ना, हे तिचं चालू. डॉक्टर बिचारे भले गृहस्थ, पुण्याकडचे, फार अदबीनं बोलणारे. "आजी, तोंड उघडता का जरा?" म्हणाले. त्या अदबीनंच घोळ केला. इतकं गोड बोलणारा माणूस नक्की काहीतरी काढून घेणार, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं म्हणा. दाढ निघाल्यावर डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये टाकली, तर आत्या खुर्चीतून उठेचना. गालात कापूस तसाच, हाताने खुणा करत होती की माझी दाढ द्या. ती घेऊन काय करणार, असं मी विचारलं, तर कापूस काढून म्हणाली, तो ठेवून काय करनार हाय ते आधी विचार. शेवटी दाढ कागदात गुंडाळून दिली, तेव्हा कुठे आम्ही घरी आलो.

तर अशा बाईनं आपल्या मागीलदारची खोली एका नेपाळी कुटुंबाला दिली, तेव्हा सगळं गाव चाट पडलं.

त्याआधीचे भाडेकरू तिच्याकडे टिकायचे नाहीत. कुणाचा मोबाइल फार वाजतो, कुणाकडे पाहुणे फार, कुणाकडे अजिबातच नाहीत. मग एक दिवस दिलबहादूर खोली बघायला आला. खाडीकडच्या टॉवरला वॉचमन, बारकासा, खालमानेनं बोलणारा. सोबत बायको मनमाया आणि लहानगी पोर सृजना. आत्या सांगायची, आजवर जो आला त्यानं नळाला पाणी किती वेळ येतं, पंखा चालतो का, तेवढंच विचारलं. या माणसानं आत शिरल्या शिरल्या आधी दाराची कडी लावून बघितली, परत काढून बघितली, आणि मान हलवली. ते तिला आवडलं. आवडलं, आणि लगेच मनात शंकाही आली की याला कडीचं एवढं कनाला पडलंय. पण तोवर हो म्हणून झालं होतं.

मग आत्याला कामच मिळालं. तिच्या माजघराची खिडकी मागच्या अंगणात उघडायची. तिथे तिनं खाट ओढून घेतली, आणि तिचा मुक्काम तिथेच.

पहिली तक्रार म्हणजे, तो मानूस दिवसा झोपतो आनि रातचा जागतो. अगं आत्या, तो रात्रपाळीचा वॉचमन आहे, मी म्हणाले. तर म्हणाली, चोरबी तेच करतात. दुसरी तक्रार पाल्याची. मनमाया राईचा पाला आणायची, कोमेजू द्यायची, बरणीत दाबून आंबवायची आणि मग अंगणात सुपात वाळत घालायची. गुंद्रुक म्हणतात त्याला, त्यांच्याकडे त्याचं आंबट कालवण करतात. आत्याला ते काही पटेना. चांगला पाला सडवून कोन खाईल, ही करनी हाय. सुक्या बोंबलांच्या वासात जन्म काढलेली ही बाई, त्या पाल्याच्या वासानं नाकाला पदर लावून बसायची. मला हसू यायचं, पण तिच्यासमोर हसायची सोय नव्हती. कनाला हसलीस, म्हणून बसली असती.

पण खरा घोळ झाला तो दुसऱ्याच गोष्टीनं. एक दिवस भिंतीवरून मला खूण करून तिनं बोलावलं आणि कानाशी येऊन सांगितलं, यांच्या खोलीत एक म्हातारी लपवलेली आहे.

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं?

तिच्या म्हणण्यानुसार दिवस कलला की रोज आतून मनमायेची हाक ऐकू यायची, "नानी, धोका!" म्हणजे आत कुणीतरी नानी आहे. ती कधी बाहेर येत नाही, कुणाला दिसत नाही. आणि तिला रोज संध्याकाळी धोक्याची सूचना मिळते. तिकडं काहीतरी करून पलून आलेली म्हातारी असनार, आत्या म्हणाली. बघता बघता हे गावभर झालं. पाण्याच्या नळावर बायका हळूच विचारायच्या, नानी दिसली का गं? हसण्यावारी न्यायच्या सगळ्या, पण त्या खोलीवरून जाताना मान मात्र वळायची. पंच मधूभाऊ, गावकीत ज्यांचा शब्द चालतो ते, एकदा मला म्हणाले, तुझी आत्या वेडी असेल, पण उगाच कोण कशाला धोका म्हणेल? त्यांच्याही मनात ते बसलं होतं.

शेवटी आत्यानं धाड घालायचं ठरवलं आणि साक्षीदार म्हणून मला घेतलं. निमित्त म्हणून कोलंबीच्या कालवणाची वाटी. आत्यानं आपल्या हातानं कुणाला कालवण दिल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. उन्हं उतरल्यावर आम्ही मागे गेलो. मनमायेनं वाटीकडे बघितलं, मग आत्याच्या तोंडाकडे बघितलं, वाटी नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाली, "किसलिए?"

मला तिथल्या तिथे वाटून गेलं की या दोघींचं जमणार.

आत्या तोवर आत शिरून खाटेखाली वाकून बघत होती. दिलबहादूर ड्युटीला जायला बूट घालत होता, तो पाय वर घेऊन बसला. खाडीकडून डास यायची वेळ झालेली. मनमाया वाटी हातात धरूनच म्हणाली, "नानी, ढोका!" कोपऱ्यात गृहपाठ करणारी सृजना उठली, तिनं दार ढकललं, कडी लावली आणि परत जाऊन बसली.

मला उलगडा झाला आणि हसू आवरेना. सृजना गावातल्याच मराठी शाळेत जायची. तिनंच आम्हाला समजावून सांगितलं की ढोका म्हणजे दार, आणि नानी म्हणजे लहान मूल, म्हणजे मीच. असं सांगताना ती आत्याकडे जरा कीव आल्यासारखी बघत होती.

आत्या काही ओशाळली नाही. परत येताना मला म्हणाली, एक शब्द खोटा निघाला म्हनून बाकीचा सगला खरा नाय होत. आणि खिडकीशी जाऊन बसली. तिचं बसणं तसूभरही हललं नाही.

गावानंही आपला समज सोडला नाही. आमच्या गावची लोकं वाईट नाहीत. पण बाहेरून टॉवर आले, माणसं आली, आमच्या जमिनींवर आम्हीच पाहुण्यासारखे झालो, आणि त्याचा राग काढायला टॉवरमधला साहेब सापडत नाही, त्याचा वॉचमन सापडतो. हे मी तेव्हाही बोलायचे, आताही बोलते.

चैत्रातली जत्रा तोंडावर आलेली. गावदेवीला चांदीचे डोळे आहेत, म्हणजे होते. मेणानं बसवलेले, जुने, आमच्या आज्या-पणज्यांनी बघितलेले. एक दिवस सकाळी बायकांनी देऊळ धुतलं, त्यात मनमायाही होती, कारण ती रोज देवीला हात जोडून जायची. दुपारी नैवेद्य दाखवला तेव्हा डोळे जागेवर होते, हे पुजाऱ्यानं बघितलं. त्यानंतर देऊळ उघडंच राहिलं. संध्याकाळी पुजारी आरतीला उभा राहिला आणि किंचाळलाच. देवीच्या तोंडावर नुसत्या दोन मेणाच्या खुणा.

घंटेच्या आवाजानं अख्खं गाव देवळासमोर जमा झालं. माझी दुपारची पाळी लवकर संपलेली, मीही होते. कुणी नाव घ्यायच्या आधीच सगळ्यांच्या माना आत्याच्या घराकडे वळल्या. सकाळी ती देवळात होती ना? तो दिवसाचा घरी असतो ना? मधूभाऊ म्हणाले, हिराआत्या वर्षभर धोका, धोका सांगते आहे, आपणच ऐकलं नाही. मग दोघांना बोलावून आणलं. दिलबहादूर वॉचमनच्या कपड्यात, टोपी काढून उभा. "हमने नहीं लिया," एवढंच म्हणाला. मनमायेनं सृजनाचा हात घट्ट धरला होता. आमच्या बोलीतला शब्द न् शब्द त्या पोरीला कळत होता, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

निर्णय काय होणार ते दिसतच होतं. सकाळपर्यंत खोली खाली करायची आणि पुन्हा गावात दिसायचं नाही. चोर म्हणून गावानं काढलं, हे टॉवरच्या सेक्रेटरीला कळायला कितीसा वेळ लागणार? म्हणजे नोकरीही जाणार. पोरीची शाळा सुटणार. मधूभाऊंनी रीतीप्रमाणे विचारलं, खोलीच्या मालकिणीला काही म्हणायचंय का?

आत्या देवळाच्या पायरीवर बसली होती. गुडघ्यावर हात ठेवून उठली. सगळ्यांना वाटलं, आता हिची जीभ सुटणार आणि यांचं उरलंसुरलं संपणार. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला सांगू.

ती म्हणाली, "ही दुपारभर आंगनात पाला पसरत व्हती. एकदा नलावर गेली, कलशी भरली, तशीच आली. तो आत झोपला व्हता, त्याचे पाय दारातून दिसत व्हते, घोरनं ऐकू येत व्हतं. पोर शालेतून आली, ती तिच्याजवल बसली. कोनी देवलाकरं फिरकला नाय. मी बगत व्हते."

मधूभाऊ जरा हसून म्हणाले, आत्या, तूच तर म्हणत होतीस ना, यांच्यापासून धोका आहे?

"म्हनत व्हते. म्हनूनच डोला ठेवला. यांच्यावर मी डोला ठेवला, तवा यांचा मना म्हाईत हाय." मग ती सगळ्यांकडे वळली. "तुमच्यावर कोनी ठेवला व्हता?"

आत्याला थांबवणारं कुणी नव्हतं. तिनं समोरूनच सुरुवात केली. मधू, तू दुपारचा कुटं व्हतास? मधूभाऊ म्हणाले, मी घरी झोपलेलो. आत्यानं त्यांच्या बायकोकडे बघितलं. बायको जमिनीकडे बघायला लागली, कारण मधूभाऊ दुपारी घरात नव्हते, आणि कुठे होते ते तिला अजून कळायचं होतं. पुजारी म्हणाला, मी डोंबिवलीला गेलो होतो. मग देऊल उघडा कनाला ठेवलास? पुजारी उपरण्यानं कपाळ पुसायला लागला. एकेकाचं करता करता ज्याच्या त्याच्या घरातलं काहीतरी बाहेर पडायला लागलं, तशी माणसं मागच्या मागे पांगायला लागली. अंधार पडायच्या आत देवळासमोर आम्ही मोजकीच माणसं उरलो. खोली खाली करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

डोळे काही सापडले नाहीत. पोलिसात तक्रार झाली, नवीन डोळे आले, देवळात कॅमेरा बसला. मधूभाऊंनी आत्याला मुद्दाम नेऊन दाखवला. आत्यानं विचारलं, यात कोन बगतं? माझ्या मोबाइलात दिसतं, मधूभाऊ म्हणाले. मंग तुझ्यावर कोन बगतं, असं म्हणून ती घरी आली.

आता मनमाया तिच्या पाया पडेल, आई मानेल, असं मला वाटत होतं. घडलं भलतंच. या बाईनं आपल्यावर सारखी नजर ठेवली होती, हे तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात दोरी बांधून आत्याच्या खिडकीसमोर जुन्या साडीचा पडदा लावला. आत्याला ते फार लागलं. मी वाचवली, आनि मनाच परदा? असं ती मला रोज ऐकवायची. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या वेळी पहिल्यांदा बघितलं. मला दोघींचाही राग यायचा आणि दोघींचंही बरोबर वाटायचं.

पावसाळ्यानंतर आत्या मोरीत पडली. सकाळची वेळ, मी कामावर निघून गेलेले, बाकी कुणाला पत्ता नाही. कळलं ते मनमायेला. खिडकी नेहमीच्या वेळेला उघडली नाही, हे तिच्या लक्षात आलं. साडीला एक बोटभर भोक होतं, आणि पडदा लावल्या दिवसापासून ती त्यातून आत्याच्या खिडकीवर लक्ष ठेवून होती. तिनं मागचं दार खांद्यानं ढकलून उघडलं. दिलबहादूरनं झोपेतून उठून आत्याला उचललं आणि रिक्षात घातलं, मनमाया सोबत दवाखान्यात गेली. दोघी परत आल्या तेव्हा दोरीवरचा पडदा गेलेला होता. कुणी काढला, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर आत्या फारशी खाटेवरून उठली नाही. डोळ्यांतही मोतीबिंदू वाढत चाललेला. ऑपरेशनला ती काही तयार होईना, डोल्यात हत्यार घालायला द्यायला मी काय येडी हाय, म्हणून. मनमाया आपलं काम आटपून तिच्या खिडकीशी येऊन बसायची आणि रस्त्यावरून कोण गेलं, काय घेऊन गेलं, कुणाकडे बघून हसलं, ते सांगायची. तिच्यात आत्याला अखेर आपल्या तोलामोलाचं माणूस मिळालं होतं. गुंद्रुकाचं कालवणही जायला लागलं, आधी मनमायेनं समोर एक घास खाल्ल्यावर.

मी तिला शेवटचं बघितलं ते अशाच एका संध्याकाळी, कामावरून येताना. सफरचंदं घेऊन गेलेले. आत्या उशीला टेकून बसली होती, सृजना जमिनीवर अभ्यास करत होती, मनमाया खिडकीत. आत्यानं सफरचंदं हातानं चाचपली आणि कनाला आणलीस म्हणाली. डासांची वेळ झाली, मी उठले.

"नंदे," ती म्हणाली, "देवीचे डोले गेले त्या दुपारी तू कुटं व्हतीस?"

मला वाटलं चेष्टा करते आहे. दवाखान्यात होते की, मी म्हणाले.

"लवकर सुटली व्हतीस. तूच बोलली व्हतीस."

लहानपणापासून जिच्या अंगाखांद्यावर वाढले, ती बाई मला हे विचारत होती. मी काही घेतलं नव्हतं, कोपरच्या बाजारातून भाजी घेऊन उशिरा आलेले, इतकंच. पण ते बघितलेलं कुणी नव्हतं. तिनं मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता. मी तिला पूर्वीइतकीच आवडत होते, हे मला दिसत होतं, आणि तरी ती विचारत होती.

"ये आता," ती म्हणाली. मग आतल्या अंगाला वळून, "नानी, ढोका लाव."

सृजना उठली. मी बाहेर पायरीवर आले आणि माझ्या मागे दार बंद झालं, कडी पडली. चप्पल घालता घालता मला आतून आत्याचा आवाज ऐकू आला, गेली का ती, बग.

खिडकीतून मनमायेनं वाकून बघितलं. तिच्या तोंडून आमचीच बोली आली, आमच्याच हेलात.

"नाय आत्या. उबी हाय अजून."